पंप ॲक्शन बारा बोअर आणि तिचे ‘टॅक्टिकल’ दागिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा साताऱ्याकडचा. फौजेतून निवृत्त झालो, कळव्यात घर घेतलं आणि आता वागळे इस्टेटमध्ये कॅश व्हॅन आणि कारखान्यांच्या गेटवर उभं राहणाऱ्या गनमनना शिकवतो. पोरं हुशार आहेत, पण मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी काळ्या, खाचाखाचांच्या, चारही बाजूंनी काहीबाही लटकवलेल्या बंदुकीचा फोटो दाखवतं आणि विचारतं, “सर, ही कसली?” दर वेळी चहा थंड करत बसण्यापेक्षा लिहूनच काढलं.

फोटोतली ही बंदूक नेमकी आहे तरी काय?

दहापैकी सात वेळा ती रेमिंग्टन ८७० असते, नाहीतर मॉसबर्ग ५०० किंवा ५९०. ८७० बाजारात आली १९५० च्या सुमारास, मॉसबर्ग ५०० आली १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे तुम्हाला जी ‘एकदम लेटेस्ट’ वाटते, ती वयाने माझ्याहून मोठी आहे. वरचे दागिने उतरवले की खाली उरते एक नळी, नळीखाली काडतुसांची दुसरी नळी (हेच मॅगझीन), पुढेमागे सरकणारी मूठ आणि दस्ता. लाकडी दस्त्याची तीच बंदूक अमेरिकेतले शेतकरी बदकं मारायला नेतात.

‘टॅक्टिकल’, म्हणजे लढाईला सज्ज दाखवणाऱ्या, दागिन्यांची यादी बहुधा अशी असते: आखूड नळी, लांबवलेलं मॅगझीन, पिस्तूल ग्रिपचा किंवा सरकता दस्ता, घोस्ट रिंग साइट, वर पिकॅटिनी रेल (साइट बसवायची खाचांची पट्टी) आणि त्यावर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेमाचं भिंग), मुठीत टॉर्च, डाव्या अंगाला काडतुसांची पट्टी, नळीवर भोकांचा पत्रा, आणि स्लिंग, म्हणजे खांद्यावर अडकवायचा पट्टा. खाली एकेकाबद्दल सांगतो. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्यांची लायकी सारखी नाही.

पंप ॲक्शन चालते कशी?

मूठ मागे ओढली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा, मागे जातो, झाडलेल्या काडतुसाचं टरफल बाहेर फेकलं जातं आणि मॅगझीनच्या नळीतल्या स्प्रिंगने ढकललेलं पुढचं काडतूस खालच्या पाळण्यावर येतं. मूठ पुढे ढकलली की पाळणा वर उचलला जातो, काडतूस नळीत बसतं, बोल्टला कुलूप लागतं. बार उडाला की हे कुलूप मोकळं होतं आणि पुन्हा मूठ ओढता येते.

बार न उडवता उघडायची असेल तर एक छोटी कळ दाबावी लागते. ८७० मध्ये ती ट्रिगर गार्डच्या पुढे असते, मॉसबर्गमध्ये मागे. नवशिक्या ती कळ विसरतो, मूठ जोर लावून हिसकतो आणि म्हणतो, “सर, जाम झाली.” जाम झालेली नसते. बंदूक तिचं काम करत असते.

खरा जाम होतो तो मूठ अर्धवट ओढल्याने. घाबरलेला माणूस तोकडी ओढ देतो, टरफल निघत नाही किंवा पुढचं काडतूस वर येत नाही. यावर एकही दागिना चालत नाही. मूठ मागे अगदी अडेपर्यंत आणि पुढेही अडेपर्यंत, एवढंच.

बारा बोअरमधला ‘बारा’ कुठला?

एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जेवढा व्यास, तेवढी नळी. साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणूनच २० बोअर ही १२ बोअरपेक्षा बारीक असते, हे ऐकून दर बॅचमध्ये निम्मे जण चक्रावतात.

‘टॅक्टिकल’ हा प्रकार सुरू कुणी केला?

जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर मॉडेल १८९७ ही त्याची आजी म्हणा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ती खंदकात नेली. नळी आखूड केली, तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून वर भोकांचा पत्रा बसवला, संगिनीसाठी आधार दिला. जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये तिच्या वापराविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला, एवढी ती झोंबली. आज दुकानात मिळणारा पत्रा त्या खंदकातला आहे. गरज संपली, रूप उरलं.

सगळीकडे १८.५ इंच नळीच का लिहिलेली असते?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर यंत्रात नाही, कायद्यात आहे. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमुळे १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन वेगळ्या कडक नोंदणीत जाते. कंपन्यांनी अर्धा इंच हातचा राखून १८.५ ची नळी काढली आणि तीच जगभर ‘टॅक्टिकल’ म्हणून खपली. बोअर १८.५ मिलिमीटर आणि नळी १८.५ इंच, हा निव्वळ योगायोग.

आता आपल्याकडे या. आपल्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत २० इंचांपेक्षा आखूड, गुळगुळीत नळीच्या बंदुका वेगळ्या, वरच्या वर्गात टाकल्या आहेत. साध्या बारा बोअरच्या परवान्यावर ती नळी बसत नाही. म्हणजे फोटोतली जी गोष्ट सगळ्यात जास्त नजरेत भरते, तीच ठाण्यात तुमच्या कामाची नाही. परदेशी व्हिडिओ बघताना एवढं लक्षात ठेवा, की समोरचा माणूस त्याच्या देशाच्या फूटपट्टीने बोलतोय.

आणि तसंही, दीड-दोन इंचांनी गेटवरच्या केबिनमध्ये काय फरक पडतो? कॅश व्हॅनच्या दारातून उतरताना थोडा पडतो, ते मान्य. पण तिथे नळीच्या लांबीपेक्षा उतरताना नळीचं तोंड कुठे आहे, हे जास्त महत्त्वाचं.

आपल्याच बंदुकीची नळी कापून घेतली तर?

नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ६ नेमकं यासाठीच आहे. विनापरवाना नळी आखूड करणं हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. हातात परवाना असला म्हणून सूट नाही. असल्या कामासाठी मला फोन करू नका.

लांब मॅगझीनचा फायदा किती?

साध्या ८७० मध्ये चार काडतुसं बसतात. नळीच्या टोकापर्यंत पुढे नेलेल्या मॅगझीनमध्ये सहा, २० इंची मॉसबर्ग ५९० मध्ये आठ. ऐकायला छान वाटतं. पण एक काडतूस साधारण ४५ ते ५० ग्रॅमचं. आठ काडतुसं म्हणजे जवळपास ४०० ग्रॅम, तेही बंदुकीच्या पुढच्या अर्ध्या भागात. मूळ बंदूक तीन-सव्वातीन किलोची. बारा तासांच्या ड्यूटीत हा तोल खांद्याला आणि मनगटाला कळतो. भरलेली बंदूक हळूहळू पुढे झुकायला लागते, मग माणूस ती भिंतीला टेकवतो, आणि इथून अपघाताची गोष्ट सुरू होते.

नळीच्या मॅगझीनचा एक धोका मात्र ठासून सांगतो. दुनळी बिजागरावर मोडून उघडली, की दोन्ही काडतुसं डोळ्यांसमोर असतात. पंपमध्ये तसं नाही. वरचं काडतूस काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नसतं, खाली नळीत आणखी असतात. मूठ एकदा ओढून “सर, खाली आहे” म्हणणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढतो. डोळ्याने बघा, मग बोट घालून चाचपा. चेंबर (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) आणि मॅगझीन, दोन्ही.

पिस्तूल ग्रिप आणि सरकता दस्ता घ्यावा का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकत्र करतात.

दस्ताच नाही, नुसती पिस्तूल ग्रिप, हा प्रकार सिनेमासाठी ठीक. बारा बोअरचा धक्का खांद्याने घ्यायचा असतो. खांदाच नाही तर तो मनगटात जातो आणि नेम कमरेच्या अंदाजाने. मी एकदा झाडून बघितली, दुसऱ्यांदा इच्छा झाली नाही.

सरकता दस्ता मात्र कामाची चीज आहे, आणि सगळ्या दागिन्यांत मला पटलेला हा पहिला. कारण सांगतो. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर, ज्याला इंग्रजीवाले ‘लेंथ ऑफ पुल’ म्हणतात, कारखान्यातून साधारण १४ इंच येतं. ते सहा फुटी माणसासाठी धरलेलं असतं. आपला गनमन पाच फूट चार इंचांचा, हात आखूड. तो दस्ता काखेत दाबतो किंवा दंडावर टेकवतो, मान पुढे ताणतो, पाठ मागे टाकतो. बार उडाला की दंड काळानिळा. मग पुढच्या वेळी बार उडायच्या आधीच डोळे मिटतात. नेम चुकतो तो इथे.

मी स्वतः निवृत्तीनंतर पहिली बारा बोअर घेतली, तेव्हा विकणाऱ्याने “सवय होईल” म्हणून तसाच लांब दस्ता गळ्यात मारला. सवय झाली नाही, गालफड सुजलं. शेवटी परवानाधारक कारागिराकडून दस्त्याचं लाकूड पाऊण इंच कमी करून घेतलं, मागे रबरी पॅड बसवलं. खर्च जेवणाच्या बिलाएवढा, पण बंदूक त्या दिवशी माझी झाली. दस्त्याचं लाकूड कमी करणं आणि नळी कापणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे पुन्हा सांगतो, नाहीतर कुणीतरी अर्धंच वाचेल.

घोस्ट रिंग, रेड डॉट, की साधी माशी?

साधी पितळी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी, पंधरा-वीस मीटरपर्यंत छर्र्यांसाठी पुरते. घोस्ट रिंग म्हणजे मागे एक पातळ मोठी कडी. डोळा पुढच्या माशीवर ठेवला की कडी धुरकट होऊन जवळजवळ दिसेनाशी होते, म्हणून ‘घोस्ट’. एकच जाड गोळी, म्हणजे स्लग, झाडायची असेल तर तिचा उपयोग आहे. रेड डॉट चाळिशीनंतरच्या डोळ्यांना वरदान, कारण माशी आणि लक्ष्य यांत डोळा मागेपुढे करावा लागत नाही. पण तो बॅटरीवर चालतो आणि धक्क्याने स्क्रू ढिले होतात. दर महिन्याला तपासणारे असाल तरच घ्या.

शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे पसरतात, हे खरं ना?

खोटं, आणि धोकादायक. साध्या, चोक (टोकाशी नळी अरुंद करणारा भाग) नसलेल्या नळीतून छर्रे ढोबळमानाने दर यार्डाला एक इंच पसरतात. घरातल्या हॉलमध्ये, तीन-साडेतीन मीटरवर, तो पुंजका मुठीएवढाच. नेम चुकला म्हणजे सगळंच चुकलं.

पुढचा मुद्दा ठाणेकरांसाठी. आपल्या सोसायट्यांमध्ये समोरच्या फ्लॅटचं दार दोन मीटरवर असतं आणि ते फ्लश डोअर असतं. ‘एलजी’ प्रकारच्या काडतुसातले मोठे छर्रे ते आरपार करतात. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणारे एक गृहस्थ मला म्हणाले, घराच्या रक्षणासाठी अशी बंदूक हवी. मी विचारलं, तुमच्या दाराच्या रेषेत पलीकडे कोण झोपतं? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, कुळकर्ण्यांच्या आजी. विषय तिथेच संपला. चांगलं सेफ्टी डोअर आणि कॅमेरा लावला त्यांनी.

मुठीतला टॉर्च?

अंधारात काय आहे हे ओळखल्याशिवाय चापावर बोट न्यायचं नाही, त्यामुळे उजेड हवाच. पण टॉर्च बंदुकीला जोडला, की जिकडे बघाल तिकडे नळी वळते. रात्री गेटवर खुडबुड झाली, उजेड टाकला, आणि समोर दूधवाला. आता भरलेल्या बंदुकीचं तोंड दूधवाल्याकडे आहे. माझ्या पोरांना मी कमरेचा वेगळा टॉर्चच देतो. पोलिसांच्या पथकाची गोष्ट वेगळी, त्यांची तालीम वेगळी.

नळीवरचा भोकांचा पत्रा, आणि तोंडावरचे ते दाते?

पत्र्याचं वर सांगितलं. दाते दाराचं कुलूप फोडताना नळी घसरू नये म्हणून असतात. तुम्ही कुणाचं दार फोडणार आहात?

अंगावरची काडतुसांची पट्टी, म्हणजे साइड सॅडल?

चांगली सोय आहे. जास्तीची काडतुसं बंदुकीबरोबरच राहतात, खिसे चाचपावे लागत नाहीत. सहा काडतुसांचं वजन पाव किलोच्या वर जातं, पण ते मध्यभागी असल्याने तोल बिघडत नाही. फक्त स्क्रू फार आवळू नका. काही बंदुकांमध्ये जास्त आवळल्याने बॉडी दाबली जाऊन बोल्ट घासतो. आणि घाम: काडतुसाचं पितळी बूड सतत हवेत उघडं राहिलं, की हिरवं पडतं.

सेफ्टीचा खटका कुठे असलेला बरा?

मॉसबर्गचा वर, अंगठ्याखाली. ८७० चा चापाच्या मागे आडवा. डावखुऱ्याला मॉसबर्ग सोपी. पण मॉसबर्गला पिस्तूल ग्रिप लावली, की अंगठा त्या खटक्यापर्यंत पोहोचायला पकड सोडावी लागते. दागिना निवडताना मूळ अंगकाठी बघा, ती अशी.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न कुणी फोटो दाखवून विचारत नाही, आणि ठाण्यात खरा शत्रू हाच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल, आणि कळवा, ऐरोली, वाशी या बाजूला खाडीचा खारा वारा. निळसर पॉलिश केलेल्या पोलादावर एका रात्रीत घामाच्या बोटांचे ठसे गंजून उमटतात. मी बघितलेत. पार्करायझिंग केलेला राखाडी, खरखरीत थर तेल धरून ठेवतो, म्हणून तो या हवेत निळ्या पॉलिशपेक्षा टिकतो. मॉसबर्गची समुद्रावर वापरायची एक चंदेरी जात आहे, मरिनर, ती याच कारणासाठी.

बाकी उपाय जुनेच. फुलथ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी), चिंदी आणि रंगून तेल. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा नळीतून कोरडी चिंदी, मग तेलाची, मग पुन्हा एक कोरडी. तेल कमी. चेंबरमध्ये थबथबलेलं तेल काडतुसाच्या टोपीत उतरलं तर बार फुसका जातो. मॅगझीनची नळी लोक कधीच साफ करत नाहीत. तिथली स्प्रिंग गंजली की काडतूस पुढे येत नाही आणि मग दोष कंपनीला.

चामड्याच्या पिशवीत बंदूक ठेवू नका. चामडं ओल धरतं. लोखंडी कपाटात, कुलपात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. पूर्वीची कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगून चेंबरमध्ये अडकायची, आताची प्लास्टिकची फुगत नाहीत, पण पितळेला जपावं लागतंच. आपल्या खडकीच्या कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसं मी वर्षानुवर्षं वापरतोय. जुना साठा आधी संपवा, नवा मागे ठेवा, किराणा दुकानदार करतो तसं.

पंपची मूठ ओढल्याचा नुसता ‘खच्चाक’ आवाज ऐकून चोर पळतो म्हणे?

पळेलही. नाही पळाला तर? शिवाय त्या आवाजाचा अर्थ असा, की आतापर्यंत तुमची बंदूक तयार नव्हती आणि तुम्ही कुठे उभे आहात हे आता त्याला कळलं.

ठाणे-नवी मुंबईत परवाना कुठे मिळतो?

आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात. ठाणे आयुक्तालयात कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगरही येतं, तर वाशी-बेलापूर-पनवेलकडच्यांसाठी नवी मुंबई आयुक्तालय. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, सुरक्षित साठवणुकीची हमी. वय किमान २१. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना ५ वर्षांचा, आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं. गरज काय, हे पटवून द्यावं लागतं. ‘आवड’ हे कारण लिहू नका. ‘टॅक्टिकल’ हा शब्द तर अर्जात कुठेच नको. परवान्यावर प्रकार, बोअर आणि क्रमांक असतो, दागिने नसतात.

निवडणूक लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. येताच नेऊन द्या, पावती जपा.

फोटोतली ८७० इथे विकत मिळेल?

नवी जवळजवळ नाहीच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी हत्यारांची आयात बंद आहे, सूट मिळते ती नावाजलेल्या नेमबाजांसारख्या मोजक्या लोकांना. त्याआधी आलेल्या जुन्या बंदुका हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती ऐकून चक्कर येते. सरकारी आयुध कारखान्यांनीही बारा बोअरची पंप ॲक्शन काढलेली आहे. दिसायला साधी, पण वरचं सगळं तिलाही लागू.

येऊरच्या जंगलात नेमाचा सराव करता येईल का?

नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. रेंजवर जा.

आणि हळदीत एखादा बार?

लोकांचा जीव धोक्यात घालून जल्लोषात गोळी झाडली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाही जातो. डीजे आहे ना, तो पुरेसा आवाज करतो.

सर, तुम्ही स्वतः कोणती वापरता?

दुनळी. पंप येत नाही म्हणून नव्हे. रात्री दोन वाजता झोपेतून उठून मोडली, की खिडकीतून येणाऱ्या रस्त्याच्या दिव्यातसुद्धा दोन्ही भोकं रिकामी आहेत की भरलेली ते चष्म्याशिवाय दिसतं. वर दागिना एकच, मागचं रबरी पॅड. तेही आता चिरलंय, दिवाळीआधी बदलायचंय.